नियमापुरती बाई

४ सप्टेंबर, बुधवार

खेळवलं नाही! म्हणजे खेळवलं, शेवटच्या दुहेरीत. त्याला खेळणं म्हणायचं असेल तर.

आमच्या स्नूकर लीगचा नियम असा की प्रत्येक लढतीत चार एकेरी फ्रेम, म्हणजे डाव, आणि शेवटी एक मिश्र दुहेरी. संघात एक बाई हवीच, आणि ती एकदा तरी टेबलापाशी दिसली पाहिजे. एकेरीला कोण उतरणार ते कप्तान ठरवणार. कप्तानांनी ठरवलं – स्वतः एक, इंजिनियर एक, बारक्या दोन. आणि मी? दुहेरीत, त्यांच्या जोडीला. नियमाचं तोंड बंद करायला.

दुहेरीत एक शॉट त्यांचा, एक माझा. उतरताना माझ्या कानात काय सांगितलं? "तू फक्त पांढरा चेंडू मागे आणून ठेव. खिशात टाकायचं मी बघतो." मागे आणून ठेव! गाय आहे का ती, संध्याकाळ झाली की आणून बांधायला?

खेळ मॉलमध्ये होता. मधल्या मोकळ्या जागेत टेबल, चारी मजल्यांवरून लोक कठड्यावर रेलून बघतायत. एका कोपऱ्यात लहान मुलांची आगगाडी शिट्ट्या मारत फिरते. मी पांढऱ्यावर वाकले की नेमकी शिट्टी! पण मला वाकायचंच कितीदा होतं म्हणा.

लढत जिंकलो. मॅनेजर सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. मला म्हणाला, "मॅडम, तुमचा फोटो छान आलाय."

९ सप्टेंबर, सोमवार

हरलो. कप्तान त्यांची एकेरी हरले म्हणून हरलो. मी दुहेरीपर्यंत बसून होते. खुर्ची मात्र मऊ होती.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

घरी. सासूबाईंनी सगळं फोनवर पाहिलं होतं. त्यांना फाउल आणि फ्रेममधला फरक कळत नाही, पण कोण कुठे बसलंय यावर बारीक लक्ष. "तू दोनदा दिसलीस," म्हणाल्या. "एकदा पाणी पिताना."

नवरा हसला. मी भांडी जरा जोरातच आपटली.

मग तो म्हणाला, "कप्तानाला स्पष्ट विचार ना. तुझे गुरूच आहेत ते." आहेतच. क्यूची काठी कशी धरायची, हात कसा टेकवायचा, सगळं त्यांच्याकडेच शिकले. क्लबात पोरी येत नसत तेव्हा मला टेबल मिळवून दिलं ते त्यांनीच. म्हणून तर जास्त लागतं! परक्याने बसवून ठेवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

या वर्षी नाही खेळले तर संपलंच. पुढच्या वर्षी मला कोण घेणार? नव्या पोरी रांगेत उभ्या आहेत, वीस-बावीसच्या. नियम पुरा करायला त्याही चालतील, आणि फोटोत माझ्यापेक्षा बऱ्या दिसतील.

२२ सप्टेंबर, रविवार

विचारलं. या वेळी खेळ एका हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये. टेबलाच्या वरचं मोठं झुंबर काढून दिवे लावलेत, भिंतीला सोनेरी खुर्च्या रचून ठेवल्यात. नाश्त्याच्या वेळी कप्तान एकटेच चहा घेत होते, ती वेळ साधली.

"दादा, पुढच्या लढतीत मला एक एकेरी द्या."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

झालं! वाटाण्याच्या अक्षता. आणि दुपारी स्वतः उतरले आणि पुन्हा हरले. काळा चेंडू टेबलाच्या खिशाच्या तोंडाशी होता. शाळेतल्या पोराने टाकला असता. ह्यांनी खिशाच्या कडेवर आपटला आणि मग बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत बसले, जणू चूक हाताचीच, ह्यांचा काही संबंध नाही.

दुहेरीत मी मुद्दाम पांढरा मागे आणला नाही. लांबचा रेड चेंडू टाकला, सरळ खिशात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान हळूच म्हणाले, "चांगला होता." माझं मेलं तेवढ्यावरही मन भरलं! स्वतःचाच राग आला.

६ ऑक्टोबर, रविवार

डोंगरातलं गाव. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबल मांडलंय. थंडी अशी की क्यूला लावायचा चॉकही बोटांना चावतो. टेबलाखाली हीटर लावलेत, म्हणजे कापड उबदार आणि आम्ही गारठलेले.

आज वेगळंच घडलं, ते लिहून ठेवते.

बारक्या तसा गुणी पोरगा, पण हवेत असतो सध्या. सगळीकडे सेल्फी. आज दुसरी एकेरी जिंकला आणि त्यामुळे दुहेरी हरूनही तीन-दोनने लढत आमची झाली. आम्ही उड्या मारतोय. कप्तान मात्र उठले नाहीत. बारक्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाही लागली ना रे रेडला?"

बारक्या गडबडला. "पंचांनी पाहिलं नाही, दादा."

"मी ते विचारलं नाही."

आमच्या खेळात हे आहे. क्यूच्या टोकाशिवाय दुसरं काहीही – बाही, बोट, केस – कुठल्याही चेंडूला लागलं की फाउल. आणि पंचाने पाहिलं नसेल तर आपण सांगायचं. स्वतःहून. इतर खेळांत लोक पडल्याची नाटकं करतात. इथे आपणच हात वर करायचा. हे नियमात कमी आणि अंगात जास्त असतं. एकदा का कोणाबद्दल "हा सांगत नाही" असं झालं की त्याच्याशी कोणी हात मिळवत नाही.

निकालावर सही व्हायची होती. कप्तान बारक्याचं मनगट धरून त्याला पंचांकडे घेऊन गेले, मग समोरच्या संघाकडे. फ्रेम देऊन टाकली. लढत गेली. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, कोणी बघितलं नव्हतं हो!" असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कप्तान एवढंच म्हणाले, "त्याने बघितलं होतं ना."

माझा राग आहे तो आहेच. पण बसमध्ये आज त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती तर जाऊन बसले.

२० ऑक्टोबर, रविवार

कप्तान पुन्हा हरले. बसमधली माझी जागा मी आज बदलली.

३ नोव्हेंबर, रविवार

उपांत्य फेरी जिंकलो. कोणाच्या जिवावर? बारक्याच्या. इंजिनियरने एक घेतली – तो खेळतोही हिशेबाने, हसतोही हिशेबाने. आणि दुहेरी आम्ही घेतली. त्यात अर्ध्याहून जास्त चेंडू मी टाकले. कुणीही मोजून घ्यावेत. कप्तान त्यांची एकेरी कधीच घालवून बसले होते.

वार्ताहर कोणाकडे धावले? बारक्याकडे. मग कप्तानांकडे. एकीने येऊन मला विचारलं, "घर आणि खेळ कसं सांभाळता?" मी म्हटलं, "खेळ मला सांभाळावा लागतच नाही, खुर्ची सांभाळते." ते छापायची नाही ती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बोलले! शेवटी बोलले.

सरावाला सगळे होतो. मी चार तास टेबलावर होते आणि माझ्या हातून काही चुकतच नव्हतं. मॅनेजर आला, अंतिम लढतीला एकेरी कोण-कोण ते विचारायला लागला. कप्तान म्हणाले, "नेहमीचेच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दादा, तुमच्याने आता होत नाही. सगळ्या सीझनमध्ये एक फ्रेम जिंकलात? दुसऱ्याची जागा अडवून किती दिवस बसणार? लाज नाही वाटत?"

बारक्या खाली बघतोय. इंजिनियरने उगाच क्यू पुसायला घेतला. कप्तान चॉक लावत राहिले. टोकाला एवढा चॉक कोण लावतं? मग पिशवी उचलून निघून गेले.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "बोललीस ते ठीक, पण चारचौघांत कशाला?" वा! त्यांनी चारचौघांत मला बसवून ठेवलं ते चाललं, मी चारचौघांत बोलले ते नाही चाललं!

"लाज नाही वाटत" एवढं म्हणायला नको होतं मात्र. बाकी सगळ्याला मी ठाम आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

एकेरीत माझं नाव!! कप्तानांनी स्वतःचं काढून माझं घातलं. ते फक्त दुहेरीत उतरणार – ती जोडी लीग सुरू होतानाच नोंदवलेली असते, बदलता येत नाही.

मला काही बोलले नाहीत. मॅनेजरकडून कळलं. आभार मानायला त्यांच्या खोलीशी गेले, दार वाजवलं, "झोपतोय, उद्या बोलू" एवढंच आतून. वेळ काय, तर दुपारचे चार!

सासूबाईंना फोन केला. "आता तरी नीट दिसशील ना?" म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मलाच कोणी वेगळं पटवून देईल.

नाट्यगृह होतं. रंगमंचावर टेबल, समोर अंधारात खच्चून लोक. प्रतिस्पर्धी गतविजेते. पहिली एकेरी बारक्याने घेतली. दुसरी इंजिनियरने घालवली. तिसरी माझी.

जिंकले. जिंकले! एकदा टेबलावर आले ते रेड, काळा, रेड, काळा, रेड, गुलाबी असं करत समोरच्याला उठूच दिलं नाही. खुर्चीकडे परतताना पाय जमिनीला लागत नव्हते. कप्तान उठून उभे होते, टाळ्या वाजवत. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

चौथी बारक्याने घालवली. दोन-दोन. म्हणजे सगळं आमच्या दुहेरीवर.

शेवटी टेबलावर तीन रंग उरले. निळा, गुलाबी, काळा. आम्ही मागे होतो. तिन्ही टाकले तर फ्रेम आमची, लढत आमची, लीग आमची. एक जरी चुकला तर काहीच नाही. पाळी कप्तानांची, निळ्यावर. आणि पांढरा येऊन थांबला होता गुलाबीच्या अगदी पुढ्यात. म्हणजे मधे गुलाबी, त्याच्यावरून मारायचं. डाव्या हाताची बोटं गुलाबीच्या मागे उभी करायची, त्यांवर क्यू चढवायचा आणि वरून खाली मारायचं. त्यांनी हात उभा केला. मारला. काय मारला! निळा सरळ खिशात. लोक उठून उभे राहिले.

आणि मी पाहिलं. त्यांची करंगळी गुलाबीला लागली. गुलाबी इवलासा हलला आणि पुन्हा जागेवर बसला. पंच पलीकडच्या बाजूला होते, मधे कप्तानांचं कोपर. मी बरोबर समोर उभी, कारण पुढची पाळी माझी.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आता सांगतील. आता हात वर करतील. त्यांनी चॉक उचलला, खुर्चीकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, "चल, सोपा आहे."

सोपा होता! सासूबाईंनी टाकला असता! गुलाबी मी टाकायचा, काळा त्यांनी, आणि संपलं.

मी क्यू जमिनीवर टेकवला. पंचांना म्हटलं, "फाउल झालाय. त्यांची करंगळी गुलाबीला लागली."

पंचांनी कप्तानांना विचारलं, "लागली?"

"नाही," ते म्हणाले. "मला काही लागलं नाही."

तोंडावर! माझ्या डोळ्यांत बघून! बारक्याचं मनगट धरून नेणारा हा माणूस! आज अहो-जाहो नाही लिहिणार. खोटं बोलला तो. सगळ्यांसमोर, धडधडीत.

"तुम्ही खात्रीने सांगताय?" पंचांनी मला विचारलं.

"हो."

जोडीदारच सांगतेय म्हटल्यावर पंच तरी काय करणार? फाउल दिला. निळा खिशातून काढून जागेवर ठेवला. समोरच्यांनी तो टाकला. हात मिळवले आणि झालं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कॅमेऱ्यात दिसत नाही! वरच्या कॅमेऱ्यात त्याचं डोकं आडवं आलंय, बाजूच्यात कोपर. सगळा दिवस तेच दाखवतायत, थांबवून, मोठं करून, गोल काढून. नाही दिसत. मग निष्कर्ष काय? बाईने सूड उगवला.

सरावाला मी काय बोलले तेही बाहेर आलंय. कोणी सांगितलं? मॅनेजरच असणार. "ज्याने एकेरी दिली त्याच्यावरच उलटली." "सीझनभर खुन्नस होती." मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय मिळालं हो यातून?" मी म्हटलं, "झोप." म्हटलं खरं, पण झोप कुठली!

आणि तो? प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. "मला काही लागलं नाही." माझ्याविरुद्ध एक शब्द नाही बोलला. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हा साधुपणा जास्त चीड आणतो!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्याने चहा करून दिला. मग कप हातात ठेवता ठेवता विचारलं, "तू खरंच पाहिलंस ना?"

बाकी कोणीही विचारलं असतं तर चाललं असतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

क्लबात गेले होते. कोणी हात मिळवला नाही. ज्याने सांगितलं नाही त्याच्याशी हात मिळवायचा नाही, ही रीत. मी सांगितलं, आणि हात माझाच राहिला लोंबकळत. उलटी दुनिया!

बारक्या तेवढा जवळ आला. "ताई, दादा खोटं नाही बोलत." मी म्हटलं, "मग मी बोलते?" बिचारा रडकुंडीला आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मॅनेजरचा फोन. पुढच्या वर्षी मला घेणार नाहीत. "संघात विश्वासाचं वातावरण हवं." वातावरण! शब्द तरी बघा. संघाचा कोट परत हवाय, धुऊन.

सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाच प्रश्न पडला – दुसरा कोणी असता तर मी सांगितलं असतं? बारक्या असता तर? इंजिनियर? सांगितलं असतं. असतंच. पण सांगताना मला बरं वाटलं, हेही खरं. क्यू खाली टेकवताना आत कुठेतरी गार वाटलं. मग आता ते कशात मोजायचं? सूडात की खरेपणात?

पाहिलं मात्र होतं. करंगळी लागली होती. यावर मी मरेपर्यंत ठाम आहे. आणि तो माणूस खोटं बोलला, यावरही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कोट द्यायला दुपारी सरावाच्या हॉलवर गेले. कप्तान एकटेच होते. मी कोट खुर्चीवर टाकून वळले.

"थांब जरा," म्हणाले. डावा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून. डोळे मिटले. "एक रेड घे आणि माझ्या करंगळीला लाव. लागला की सांगतो."

काय नाटक! घेतला. लावला.

ते तसेच उभे, डोळे मिटून, कान देऊन. मी रेड आणखी दाबला. नख पांढरं पडलं.

"लाव की," म्हणाले.